शाल-श्रीफळ राहू द्या, आधी मोटारीचा इम्पेलर बदलून द्या : वैनगंगेकाठच्या एका नाव पथकाच्या सेवेचं परीक्षण

पवनीच्या खाली वैनगंगा रुंद होत जाते. एका काठाला ब्रह्मपुरी तालुका, दुसऱ्या काठाला लाखांदूर, वडसा, आरमोरी. या टापूतल्या एका गावात ढिवर समाजाचे आणि शेतकऱ्यांचे पोट्टे मिळून एक नाव पथक चालवतात. पगार नाही, फी नाही. सामान म्हणाल तर एक रबरी बोट, 25 अश्वशक्तीची टू-स्ट्रोक मोटार, दोन लाकडी डोंगे, बावीस लाइफ जॅकेट आणि समाजमंदिरामागची एक खोली. माणसं चौदा. त्यांतल्या चौघांनी सरकारच्या आपदा मित्र योजनेतलं बारा दिवसांचं प्रशिक्षण घेतलं आहे. बाकीचे नदीवरच शिकले. गावाचं आणि पथकाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण खाली चांगलं आहे तसं उणंही लिहिलं आहे आणि ते उणं या पट्ट्यातल्या बहुतेक पथकांत सापडेल.

दरवर्षी 15 ऑगस्टला किंवा 26 जानेवारीला अशा पथकांचे सत्कार होतात. निवडीचा निकष बहुतेक ठिकाणी एकच असतो, 'किती जणांना वाचवलं?' हा निकष उलटा आहे. ज्या घाटावर पथक नीट काम करतं तिथे कुणी बुडतच नाही, म्हणजे सांगायला आकडाच उरत नाही. म्हणून या परीक्षणात वाचवलेल्यांची मोजदाद नाही. पथक कोरड्या दिवसांत काय करतं ते पाहिलं आहे.

सगळ्यात चांगलं काम आधी. गावाच्या घाटावरून पलीकडच्या काठाला वावरात जाणारे आणि मजुरीला जाणाऱ्या बाया रोज डोंग्याने जातात. सप्टेंबर 2021 मध्ये वरुड तालुक्यात झुंज इथे वर्धा नदीत नाव उलटून 11 जण गेले. जानेवारी 2024 मध्ये चामोर्शी तालुक्यात गणपूरजवळ वैनगंगेत मिरची तोडायला निघालेल्या बायांची नाव उलटली. पहिली घटना पावसाळ्याच्या शेवटी झाली, दुसरी भर हिवाळ्यात. म्हणजे पूर ओसरला की धोका संपला, असं मानायला जागा नाही. पथकाने यावर काढलेला उपाय म्हणजे डोंग्याच्या कडेला बाहेरून मारलेला पांढरा पट्टा. पट्टा पाण्याखाली गेला की डोंगा सुटत नाही. वाद घालायचा तर पट्ट्याशी घाला.

हा पट्टा अंदाजाने मारलेला नाही. डोंगा आधी गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावात संथ पाण्यात उतरवला. सिमेंटच्या रिकाम्या चुंगड्यांत रेती भरून प्रत्येक चुंगडी काट्यावर 50 किलो करून घेतली. मग एकेक चुंगडी मधोमध ठेवत गेले. काठ पाण्यापासून वीतभर उरला तिथे थांबले आणि पाण्याच्या रेषेवर खूण करून ऑइल पेंटने पट्टा ओढला. मोठ्या डोंग्यात सात चुंगड्या बसल्या, म्हणजे 350 किलो. माणूस, त्याचा डबा आणि विळा-खुरपं धरून 70 किलो धरले तर पाच जण होतात आणि त्यात नावाडीही आला. पथक त्यातून आणखी एक वजा करतं, आणि ते बरोबर आहे. रेतीची चुंगडी तळाशी पडून राहते, माणूस फळीवर बसतो, मधेच उभा राहतो, फोन आला की वळतो. वजन वर गेलं की तेवढ्याच भाराचा डोंगा जास्त कलतो. चुंगड्यांवरून काढलेला आकडा त्यामुळे नेहमी थोडा उदारच निघतो. म्हणून पाटी 'नावाड्यासह 4' अशी. पाचवा माणूस पुढच्या फेरीला.

सोबत तीन गोष्टी डोंग्यातच बांधलेल्या असतात. पाणी उपसायला पाच लिटरचा कापलेला डबा, सुतळीने बांधलेला, कारण सुटा डबा पहिल्या झटक्यातच वाहून जातो. दोन्ही टोकांच्या फळ्यांखाली झाकण घट्ट लावलेल्या 20 लिटरच्या रिकाम्या कॅन. डोंगा पाण्याने भरला तरी प्रत्येक कॅन जवळपास 19 किलोचा आधार देते, त्यामुळे डोंगा तळाला जात नाही आणि धरायला काहीतरी राहतं. तिसरी गोष्ट म्हणजे बाहेरच्या कडेला गाठी मारलेली दोरी. उलटलेल्या डोंग्याची गुळगुळीत पाठ ओल्या हाताला धरता येत नाही, गाठ येते. डोंगा उलटला तर काठाकडे पोहत सुटायचं नाही, डोंग्यालाच धरून राहायचं, हे फेरीच्या आधी दर वेळी सांगितलं जातं. ऐकून ऐकून बायांनाही आता पाठ झालं आहे.

परदेशात याला मोठी परंपरा आहे. अमेरिकेत 1939 पासून चालत आलेली तटरक्षक दलाची स्वयंसेवी शाखा लोकांच्या होड्यांची मोफत तपासणी करते. सगळं नीट असेल तर स्टिकर लावते. उणीव सापडली तर दंड नाही, तक्रार नाही, फक्त काय दुरुस्त करायचं ते सांगतात. म्हणूनच लोक आपण होऊन होडी दाखवायला आणतात. आपल्या पथकाने नेमकी हीच रीत धरली आहे, कुणी शिकवलेली नसताना. शेजारच्या गावांतले सहा डोंगेही त्यांनी तपासून दिले. त्यांतल्या दोघांना तळाच्या फटी डांबराने बुजवेपर्यंत पट्टा मारून द्यायला नकार दिला. नावाडी चिडले, पण भांडण तहसीलपर्यंत गेलं नाही.

आता जॅकेट. बावीसपैकी अठरा आम्ही तरंगण्यापुरती चांगली म्हणू. चार बाद करायला हवीत.

जॅकेटच्या आतल्या लेबलवर तरंगण्याची ताकद न्यूटनमध्ये लिहिलेली असते. 50 चं जॅकेट हे पोहता येणाऱ्यासाठी, काठाजवळच्या कामाला. 100 चं जॅकेट न पोहणाऱ्यासाठी, मानेमागे कॉलर असलेलं, माणसाला उताणं ठेवायला मदत करणारं. डोंग्यातल्या प्रवाशाला 100 च हवं. बाजारात 'लाइफ जॅकेट' या एकाच नावाखाली दोन्ही मिळतात, आणि लेबलच नसलेली तिसरी जातही मिळते. ती घेऊ नका, कितीही स्वस्त असो.

लेबल पुसलं असेल तर पथकाची चाचणी कुणालाही करता येण्यासारखी आहे. किराणा दुकानातली पाच किलोची लोखंडी वजनं घ्या. जॅकेटचे बक्कल लावून त्यात दोन वजनं बांधा, हौदात सोडा, रात्रभर ठेवा. लोखंडाचं 10 किलो पाण्यात साडेआठ-पावणेनऊ किलोच भरतं आणि 100 न्यूटनचं जॅकेट साधारण 10 किलो उचलतं, म्हणजे ते सकाळी वर दिसलंच पाहिजे. 50 च्या जॅकेटला एक वजन पुरे. या चाचणीत जी चार जॅकेट सकाळी हौदाच्या तळाशी सापडली त्यांचं कारण लगेच कळलं. ती बसायला गादी म्हणून वापरली जात होती. फोम दाबला गेला की त्यातली हवेची पोकळी जाते, बाहेरून कापड मात्र नवंच दिसतं. फोटोत ते बाविसावं जॅकेट आणि पहिलं जॅकेट सारखंच दिसेल.

बसतं की नाही हे बघायला वेगळी युक्ती लागत नाही. तिन्ही बक्कल लावा, पट्टे ओढा, हात वर करा, आणि मागच्याने खांद्याला धरून वर उचलायचं. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर मोठं आहे किंवा ढिलं आहे. पाण्यात ते डोक्यावरून निघून जाईल. साडी नेसलेल्या बाईला पदर आधी कमरेला खोचून मग जॅकेट. पदर जॅकेटच्या वरून आला तर तो बक्कलात अडकतो आणि घाईत सुटत नाही. मांडीतून जाणारा पट्टा बहुतेक बाया लावत नाहीत. पथक त्यावर अडून बसत नाही, आणि आम्हालाही ते पटतं. घातलेलं दोन पट्ट्यांचं जॅकेट हे टांगून ठेवलेल्या तीन पट्ट्यांच्या जॅकेटपेक्षा बरं. मुलांची जॅकेट फक्त तीन आहेत, ही उणीव मोठी. पंधरा किलोच्या पोराला मोठ्याचं जॅकेट घालणं म्हणजे त्याला गोणपाटात घालून सोडणं.

साठवण मात्र वाईट. खोलीच्या टिनाच्या छपराखाली, खिडकीतून ऊन येतं तिथे जॅकेट लटकवलेली. उन्हाने नायलॉनचं कापड आणि शिलाईचा धागा दोन्ही सडतात. एका जॅकेटचा खांद्याचा पट्टा हाताने ओढला तर टरकन निघाला. खाली पोत्यात ठेवलेल्यांत उंदरांनी फोम कुरतडलेला. साध्या पाण्याने धुवून सावलीत वाळवायचं आणि हवेशीर जागी, जमिनीपासून वर, दांडीवर टांगायचं, एवढंच लागतं. खिडकीला एक जुनं चवाळं लावलं तरी पुरे.

बोट आणि मोटारीबद्दल जास्त लिहावं लागेल, कारण पथकं इथेच फसतात.

टू-स्ट्रोक मोटारीला पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागतं. कंपनीच्या पुस्तिकेत 50 ला 1 असेल तर पाच लिटर पेट्रोलला 100 मिली टू-स्ट्रोक तेल. 'जास्त तेल म्हणजे जास्त सुरक्षित' हा गैरसमज आहे. जास्त तेलाने प्लग काळा पडतो आणि मोटार ऐन वेळी खोकते, कमी तेलाने पिस्टन धरतो. पथकाचं माप बरोबर आहे, 100 मिलीचं औषधाचं मोजमाप टाकीलाच बांधलेलं आहे. पण पेट्रोल जुनं होतं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. ते हवेतली ओल ओढून घेतं, महिन्यांनंतर पाणी वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि नळी नेमकी तळातूनच पेट्रोल घेते. सप्टेंबरात उरलेलं पेट्रोल जूनपर्यंत टाकीत ठेवलं की पुराच्या पहिल्याच दिवशी दोरी ओढून ओढून हात दुखतात आणि दोष मोटारीला जातो. उपाय असा की हंगाम संपल्यावर पेट्रोलची नळी काढून मोटार कार्ब्युरेटर कोरडा होऊन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायची, पाणी सुरू ठेवून, आणि उरलेलं पेट्रोल कुणाच्या तरी मोटारसायकलला देऊन टाकायचं. टू-स्ट्रोक तेल मिसळलेलं असलं तरी टाकीभर पेट्रोलात दोन-तीन लिटर जिरून जातं.

दुसरी गोष्ट इम्पेलर. मोटारीच्या पायात पाणी ओढणारी रबराची छोटी पंख्यासारखी चकती असते, तिच्यावरच मोटार थंड राहते. वैनगंगेच्या गढूळ पाण्यातली बारीक रेती तिच्या पात्या घासून खाते, आणि आठ महिने कोरडी पडली की पात्या वाकलेल्याच राहतात. ती चालते की नाही हे मोटारीच्या मागून निघणाऱ्या पाण्याच्या बारीक धारेवरून कळतं. धार जोरात हवी. थेंब थेंब पडत असेल किंवा धार गरम वाफेसारखी येत असेल तर मोटार लगेच बंद. पथकाकडे ही तपासणी होते. 200 लिटरच्या ड्रममध्ये प्रोपेलरच्या वरची आडवी पट्टी बुडेपर्यंत पाणी भरतात, मोटार ड्रमच्या काठाला लावतात, दहा मिनिटं चालवतात. ड्रमवर फळी आडवी टाकून मोटार शिकंज्याने घट्ट करतात, हेही बरोबर. कोरडी मोटार 'नुसती सुरू होते का बघू' म्हणून अर्धा मिनिट चालवली तरी पात्या जळतात, हे मात्र गावातल्या प्रत्येक उत्साही माणसाला दर वर्षी नव्याने सांगावं लागतं. आम्ही बघितलं त्या दिवशी धार होती, पण तिचा जोर पाण्याच्या नळाला अर्धवट बोट लावल्यासारखा. इम्पेलर संपत आला आहे. सुटा इम्पेलर, दोन प्लग, प्लगपाना आणि सुरू करायची एक जादा दोरी, एवढं सामान पथकाच्या डब्यात नाही. या एका गोष्टीसाठी आमचे गुण कापले.

पाण्यातल्या माणसाला मोटारीच्या प्रोपेलरपासून दूर ठेवणं हे बोटवाल्याच्याच हातात असतं. बुडणाऱ्या माणसाजवळ जाताना खालच्या बाजूने, बोटीचं तोंड प्रवाहाच्या विरुद्ध ठेवून जायचं. वरून गेलं तर प्रवाह बोट त्याच्या अंगावर नेतो. पाच-सहा मीटरवर मोटार बंद, नुसती न्यूट्रल नाही. चालवणाऱ्याच्या मनगटाला मोटार बंद करणारी लाल दोरी हवी. पथकाची दोरी आहे, पण ती मोटारीलाच गुंडाळलेली असते. 'अडचण होते' हे कारण प्रत्येक पथकात सांगितलं जातं.

रबरी बोटीला पाण्यात धोका फार नाही, वावरात आहे. पूर आला की बोट नदीत कमी आणि पाणी साचलेल्या बांध्यांवर जास्त फिरते. पाण्याखाली धुऱ्यावरच्या तुरीचे खुंट असतात, काटेरी तार असते, रानडुकरांसाठी लावलेल्या झटका मशीनची तार असते. पहिल्या दोन गोष्टी बोट फाडतात, तिसरी माणूस मारू शकते. म्हणून पथकाचा नियम चांगला आहे. बोट पाणीभरल्या वावरात शिरण्याआधी विजेची लाइन बंद झाल्याचा निरोप मिळालाच पाहिजे, आणि पुढे एक जण बांबूने तळ चाचपत बसतो. ज्या वावरात झटका मशीन आहे त्यांची यादी भिंतीवर लावलेली आहे. मशीन बॅटरीवर चालतं, त्यामुळे महावितरणने लाइन काढली तरी ते बंद होत नाही, हे लक्षात घेऊन केलेली यादी. असं बारकाईने काम करणारं पथक पट्ट्यात क्वचितच दिसतं.

हवेच्या गळतीचा शोध साबणाच्या पाण्याने घेतात, ब्रशने सांधे आणि व्हॉल्व्ह ओले करून बुडबुडे बघायचे. संध्याकाळी फुगवून सकाळी बोट हाताने दाबून बघायची. रात्री थंडाव्याने थोडी मऊ होणं चालतं, पण बसायला ती अंथरुणासारखी झाली तर कुठेतरी गळती आहे. एक ध्यानात ठेवा, पीव्हीसी आणि रबर यांचा गोंद वेगळा असतो. चुकीच्या गोंदाने लावलेलं ठिगळ पहिल्याच उन्हात सुटतं. दुपारी उन्हात बोट पूर्ण फुगवून ठेवली तर आतली हवा तापून शिवणीवर ताण येतो. सावली हवी, नसेल तर थोडी हवा काढून ठेवा.

विसर्जनाच्या दिवशीचं काम बघण्यासारखं आहे. कानोबा असो, गणपती असो की शारदा, पद्धत एकच. सकाळी पथकाचे दोघं घाटावर पाच मीटरच्या बांबूने पाण्यात पावलापावलाने खोली चाचपतात. रेती काढलेल्या घाटावर कमरेएवढ्या पाण्यातून पुढचं पाऊल थेट डोक्यावरच्या खड्ड्यात पडतं आणि वरून काहीच दिसत नाही. गेल्या वर्षी होता तिथे खड्डा या वर्षी नसतो, दुसरीकडे असतो, म्हणून दर वर्षी चाचपणी नव्याने. खड्ड्याच्या अलीकडे बांबू ठोकून लाल कापड. कमरेएवढ्या पाण्यात आडवी दोरी, आणि तिच्या पलीकडे मंडळाचा कुणीही जात नाही. मूर्ती पथकाकडे द्यायची. घाटाच्या खाली तीस-चाळीस मीटरवर बोट उभी. वर ठेवून उपयोग नाही, कारण वाहून जाणारा खालीच येतो. काठावर दोन जण फेकदोरी घेऊन.

ही फेकदोरीही घरचीच आहे. पाच लिटरची झाकणबंद कॅन, आत साधारण दोन पेले पाणी म्हणजे फेकायला वजन येतं, आणि तिला वीस मीटर निळी-पिवळी प्लास्टिकची तरंगणारी दोरी. नायलॉनची आणि सुती दोरी बुडते, ती घेऊ नका. फेकताना माणसाच्या अंगावर नाही, डोक्याच्या पलीकडे टाकायची, मग दोरी ओढत त्याच्या हातात येते. फेकणाऱ्याने दोरी मनगटाला गुंडाळायची नाही. पाय रोवून खाली बसायचं, नाहीतर तोच पाण्यात जाईल. पथकाने गावातल्या सतरा पोरींनाही हे शिकवलं आणि सरावात त्यांच्या फेकी पोरांपेक्षा सरळ जात होत्या. मात्र पथकात एकही बाई नाही. डोंग्यातल्या रोजच्या फेऱ्यांत बायाच जास्त, आणि भेदरलेल्या बाईला पाण्यातून वर घेताना ओळखीच्या बाईचा हात किती उपयोगी पडतो हे सांगायची गरज नाही.

शाळेतला वर्ग चाळीस मिनिटांचा, आठवी-नववीसाठी. त्यातली वीस मिनिटं बोलण्यात जातात आणि ती कमी करता येतील. मुलांच्या डोक्यात राहतो तो शेवटचा भाग. बुडालेल्याला उलटं लटकवू नका, पालथं घालून पोट दाबू नका. पोटातलं पाणी वर आलं की ते फुप्फुसात जातं. दहा सेकंदांत श्वास बघायचा, नसेल तर आधी तोंडाने पाच श्वास (काही अभ्यासक्रमांत दोन शिकवतात), मग छातीच्या मधोमध 30 दाब आणि 2 श्वास, असंच पुढे. दाब पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120. पथक यासाठी चुंगडीत कणीस नसलेलं तनिस, म्हणजे भाताचा पेंढा, भरून त्याची बाहुली करतं. ती पुरेशी दाबली जात नाही, आणि मुलं कमी जोराने दाबायला शिकतात. इथे एक साधी सूचना आहे की तालुक्याच्या रुग्णालयातला पुतळा वर्षातून एक दिवस मागून आणा. शुद्धीवर आलेल्यालाही दवाखान्यात न्यायचंच, खोकत असेल तर नक्कीच, हे वर्गात सांगितलंच जात नाही.

पुराच्या वेळची सेवा चांगली की वाईट हे पथकाच्या हातात थोडंच असतं. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या संजय सरोवर धरणाचं पाणी आलं आणि गोसेखुर्द धरणाचे सगळे 33 दरवाजे उघडावे लागले, तेव्हा लाडजसारखी चारही बाजूंनी पाण्यात सापडणारी गावं दिसली. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी नागपूरला असते. रस्ता सुरू असला तरी ती इथे पोचेपर्यंत तास जातात, आणि श्वास थांबलेल्या माणसाच्या मेंदूला चार-सहा मिनिटांत इजा सुरू होते. या दोन वेळांच्या मधलं जे आहे ते म्हणजे गावचं पथक. आपल्या पथकाची बोट पाण्यात पडायला निरोप मिळाल्यापासून बारा ते पंधरा मिनिटं लागतात. दिवसा. रात्री पंचवीस, कारण हेडटॉर्च दोनच आहेत आणि निरोप व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जातो. टॉवर बंद पडला की ग्रुप बंद. मंदिराचा भोंगा आणि ठरलेला आवाज, असा दुसरा मार्ग हवा आणि तो फुकट आहे.

आता सन्मानाकडे. पथकाला गेल्या दोन वर्षांत तीन सत्कार मिळाले, तिन्ही शाल-श्रीफळ. एकदाही पेट्रोलचे पैसे नाहीत. आपदा मित्र झालेल्या चौघांना विम्याचं संरक्षण आहे, बाकी दहांना कशाचंच नाही, आणि पाण्यात तर सगळेच उतरतात. ग्रामपंचायतीला खरंच काही द्यायचं असेल तर ठरावात हे लिहा : दर वर्षी जूनआधी इम्पेलर आणि दोन प्लग, हंगामाचं पेट्रोल आणि टू-स्ट्रोक तेल, मुलांची सहा जॅकेट, चार हेडटॉर्च, आणि विमा नसलेल्या दहांची अपघात विमा पॉलिसी. शाल ही त्यानंतर.

मोठे सन्मानही आहेत, पण त्यांची वाट पथकाच्या वहीतून जाते. केंद्र सरकारचा सुभाषचंद्र बोस आपदा प्रबंधन पुरस्कार 23 जानेवारीला जाहीर होतो. संस्थेला 51 लाख आणि व्यक्तीला 5 लाख रुपये. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो आणि त्यात काय काम केलं ते पुराव्यासह लिहावं लागतं. एखाद्याने स्वतःचा जीव धोक्यात घालून कुणाला बुडताना वाचवलं तर जीवन रक्षा पदक मालिकेतलं पदक आहे, आणि त्याची शिफारस जिल्ह्यातून राज्यामार्फत जाते. दोन्हीकडे 'आमच्या पोरांनी जिवाची पर्वा केली नाही' असं वाक्य उपयोगी पडत नाही. तारीख, वेळ, ठिकाण, साक्षीदार, पंचनामा लागतो.

पथकाची वही आम्ही बघितली. पहिली सोळा पानं नीट आहेत. निरोप कुणाकडून आला, बोट किती वाजता पाण्यात, पाणी खुणेच्या कितव्या रेषेवर, बोटीत कोण, किती जॅकेट, किती पेट्रोल, काय मोडलं. सतराव्या पानापासून फक्त तारखा. सही करणारा पोरगा पुण्याला कामाला गेला म्हणे. वहीचं काम एकाच माणसावर असलं की असंच होतं. दर महिन्याला नाव बदला. आणि पथकाची नोंदणी अजून झालेली नाही. सात जणांची सही, घटना, ठराव आणि धर्मादाय कार्यालयात अर्ज, एवढं केल्याशिवाय बँकेत पथकाच्या नावाने खातं निघणार नाही आणि कुणाला मदत द्यायची असली तरी ती एखाद्याच्या खासगी खात्यात जाईल. त्यातून भांडणं होतात.

एकूण, डोंग्यांचं काम पाचपैकी पाच. विसर्जन घाट साडेचार. शाळेचा वर्ग तीन. मोटार आणि जॅकेटची निगा अडीच. वही दीड.

या पट्ट्यात कुणाला सेवा लागलीच तर क्रम असा ठेवा : आधी 112, मग पथकाचा ठरलेला नंबर, मग 108. पूरस्थितीत जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077. फोनवर घाटाचं नाव सांगून थांबू नका, कुठला काठ ते सांगा, माणूस शेवटचा कुठे दिसला ते सांगा, आणि ज्याने त्याला शेवटचं पाहिलं त्याला तिथेच, त्याच दगडावर उभं ठेवा. पथकाला शोध तिथून सुरू करायचा असतो, आणि तो माणूस गर्दीबरोबर दुसरीकडे गेला की नदीच्या काठावरची सगळी झाडं सारखीच दिसायला लागतात.